खाणीला पाणी लागलं

आमच्या तालुक्याच्या गावाच्या उत्तरेला, ओढा ओलांडला की चुनखडीची खाण होती. बाकी सगळीकडं काळा दगड. विहीर खणा की घराचा पाया खणा, हातभर मातीखाली काळा कातळच लागायचा. ओढ्यापलीकडच्या त्या एवढ्याशा पट्ट्यात मात्र माती खरवडली की पांढरट, राखाडी खडे निघत, आणि खाली उतरावं तसे त्यांचे थरच्या थर लागत. गावातली तहसील कचेरी, मशीद, देवीचं देऊळ, बाजारातल्या दोन-तीन माड्या, सगळ्यांच्या भिंती त्याच चुन्यात उभ्या होत्या. पानाला लावायचा चुनाही तिथलाच. नळदुर्गच्या किल्ल्याला इथूनच चुना गेला असं म्हातारे सांगत. परंड्याच्या किल्ल्यालाही इथूनच गेला, असं सांगणारेही होते. दोन्ही किल्ले आमच्या गावापासून लांब, आणि एकमेकांपासून तर त्याहून लांब. पण गावाचा मोठेपणा असल्यानं कुणी वाद घालत नसे.

मी या गावात आलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. माझं मूळ गाव लोहाऱ्याकडचं, माकणीजवळचं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतच असायची, त्यामुळं मला उर्दू चांगली लिहिता येत होती, आणि दुसरं फारसं काही येत नव्हतं. कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून मी अर्जनवीस म्हणून बसू लागलो. लोक मला मुन्शी म्हणत. माणूस मराठीत आपलं गाऱ्हाणं सांगायचा, मी ते उर्दूत लिहायचो, कचेरीतला पेशकार ते तहसीलदारसाहेबांना वाचून दाखवायचा. या प्रवासात माणसाचं बोलणं कुठंतरी गळून जायचं आणि प्रकरण तेवढं उरायचं. मला त्यात काही खटकत नव्हतं. उलट, बांधावरची शिवीगाळ अदबशीर भाषेत बसवता येते याचा मला अभिमान होता.

राहायला मी ओढ्याकाठी एक खोली घेतली होती. भट्टीचा धूर आणि चुन्याची धूळ तिकडं येत असल्यामुळं त्या बाजूला कुणी राहायला धजत नसे. माझ्या दारातून खाण दिसायची. खाणीचा ठेका एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीकडं होता. त्यांचे आजे-पणजेही चुनाच भाजत. उंच, वाळके, दाढी पांढरी. ती वयानं पांढरी की चुन्यानं हे सांगता येत नव्हतं. मी त्यांना चाचा म्हणत असे, ते मला मुन्शीजी म्हणत. बाभळीच्या लाकडाचा थर, त्यावर खड्यांचा थर, पुन्हा लाकूड, अशी भट्टी रचली की ते स्वतः पेटवायचे आणि तिची आग उतरेपर्यंत भट्टीजवळच जेवायचे, झोपायचे. भाजलेल्या खड्यांवर, म्हणजे कळीवर, पाणी टाकलं की ती फुगून, फसफसून फुटायची. त्या वाफेवरून चुना कसा उतरला हे त्यांना कळायचं.

खाणीत खोदायला वडारांची टोळी होती. दहा-बारा घरं, खाणीच्या पलीकडं पालं टाकून राहिलेली. टोळीचा मुकादम सुरुंगाच्या दगडाखाली सापडून पायानं अधू झाला होता. तेव्हापासून त्याची बायकोच टोळी चालवायची. तिला सगळे मुकादमीण म्हणत. वय पन्नाशीकडं झुकलेलं असेल. पहार पुरुषासारखी चालवायची आणि बोलायची कमी. घरात ती माणसं आपली वेगळी बोली बोलत, आमच्याशी मराठी. माझ्या आईच्या वयाची बाई, पण मी तिला अगंतुगं करायचो. सगळेच करायचे.

चाळीस सालानंतर तीन-चार वर्षांनी एकदा पाऊस असा काही गेला, की माघातच गावची बारव तळाला गेली. चैत्रात बायका बारवेच्या पायऱ्यांवर वाटी-वाटीनं पाणी भरत बसू लागल्या. वडारांना बारवेत उतरू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ते घ्यायचं, अशी पहिल्यापासूनची रीत होती. आता कुणी ओतेनासं झालं. मग त्यांच्या बायका दीड कोसावरच्या एका मळ्यातून पाणी आणू लागल्या.

एके दिवशी सकाळी मी कचेरीकडं निघालो होतो, तेव्हा खाणीकडून माणसं ओरडताना ऐकली. सुरुंगात कुणी सापडलं असेल असं वाटून मी ओढा ओलांडून गेलो. खाणीच्या तळाशी टोळी गोल करून उभी होती. मध्ये मुकादमीण गुडघाभर चिखलात. मागून तिनं सांगितलं ते असं, की दोन दिवस तळाचे खडे हाताला गार लागत होते. त्या दिवशी तिनं एका फटीत पहार घातली, ती सरसर आत गेली, आणि ओढून काढल्यावर भोकातून पाणी आलं. मी पोचलो तेव्हा ते पाणी पांढरं, ताकासारखं होतं. दुपारपर्यंत निवळलं. तिसऱ्या दिवशी खाणीच्या तळात कमरेइतकं पाणी होतं.

चाचांच्या दृष्टीनं हे संकटच होतं. ओला खडा भट्टीत नीट भाजत नाही, आणि चांगला थर नेमका तळाशी होता. त्यांनी दोन मोटा लावून पाणी उपसायचं ठरवलं. पण मोटा यायच्या आधीच गावाला बातमी लागली. बायका घागरी घेऊन ओढा ओलांडून येऊ लागल्या, त्यांच्या मागं बैलगाड्या, त्यांच्यावर पिंपं. चाचा भट्टीच्या कट्ट्यावर बसून नुसतं बघत राहिले. मोटा आल्या, त्या त्यांनी परत पाठवल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, की लोक प्यायला नेतात ते पाणी मी जमिनीवर कसं ओतू.

आठवडाभर सगळे एकाच काठावरून पाणी भरत होते. गावच्या बायका, मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका, वडारणी. असं गावात आधी कधी झालं नव्हतं, आणि ते झालंय हे आठवडाभर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पाणी मिळाल्याच्या आनंदात सगळे होते.

मग गावातली पाच-सहा वजनदार माणसं माझ्याकडं आली. त्यांत मोठे शेतकरी होते, एक आडत्या होता, आणि सगळ्यांच्या पुढं पाटील. त्यांना तहसीलदारसाहेबांकडं अर्ज करायचा होता. खाण बंद करावी आणि पाणी गावासाठी राखून ठेवावं, हा त्याचा मजकूर. मला तो रास्त वाटला. मी लिहीत गेलो. शेवटी पाटील म्हणाले, की वडारांची गाढवं, डुकरं असतात, घाण होते, तेही घाला. मी क्षणभर विचार केला आणि एक सफाईदार वाक्य लिहिलं: सफाई के लिहाज़ से गैरमुनासिब लोगों को पानी से दूर रखा जाए. ज्यांनी येणं योग्य नाही अशांना पाण्यापासून लांब ठेवावं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कुणाचं नाव नव्हतं, शिवी नव्हती. पाटलांना मी ते मराठीत सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मीही झालो. ते वाक्य जमलं होतं.

अर्जाचा निकाल लागायच्या आधीच गावानं तो अमलात आणला. पाटलांचे दोन गडी काठ्या घेऊन खाणीच्या काठावर बसले. वडारणी आल्या की ते त्यांना खालच्या अंगाला पाठवू लागले. तिथं पाण्याचा एक पाझर चरातून वाहत होता आणि बैल त्यातच पाणी पीत होते.

दोन दिवसांनी मुकादमीण लिंबाखाली आली. अंगावरचा चुना धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. कचेरीसमोर ती कधी आलेली मी पाहिली नव्हती. चटईपासून लांब, मातीत बसली आणि तिनं सांगितलं, की अर्ज लिहायचाय. आमची माणसं खोदणार, आमच्या हाताला पाणी लागलं आणि आम्हालाच बैलांच्या मागं उभं करतात. असा कुणीतरी अर्ज दिलाय म्हणे. त्याच्यावर आमचा अर्ज पाहिजे.

तो अर्ज कुणी लिहिला हे तिला ठाऊक नव्हतं. न सांगताही मला तिचा अर्ज लिहिता आला असता. वकील दोन्ही बाजूंनी लढत नाहीत, पण अर्जनवीस दोन्ही बाजूंचं लिहितो. तो त्याचा धंदाच असतो. असं असूनही मी बोललो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित ती मातीत बसली होती म्हणून असेल.

"तो अर्ज मीच लिहिलाय," मी म्हणालो.

तिनं माझ्या दौतीकडं पाहिलं. रागावली नाही. मग म्हणाली, "तुमीच लिवलंय, तर ते खोडायचं कसं हे तुमालाच ठावं आसंल. लिवा."

तिच्या अर्जाला मला अख्खी दुपार लागली. आधीच्या अर्जातलं ते एक वाक्य इतकं गुळगुळीत होतं, की त्याला कुठं धरायचं हे कळेना. माझ्यासारख्यानं लिहिलेलं खोडायला माझ्यापेक्षा हुशार माणूस हवा होता. शेवटी मी सगळी नेहमीची भाषा बाजूला ठेवली आणि ती जसं सांगत होती तसंच एकेक वाक्य उर्दूत लिहिलं. पहार घातली. पाणी आलं. आठ दिवस सगळ्यांनी भरलं. आता आम्हाला बैलांसोबत प्यावं लागतं. पेशकारानं अर्ज हातात घेतला आणि विचारलं, मुन्शीजी, आज तब्येत बरी नाही का, ही काय भाषा झाली. मी म्हटलं, घाईत लिहिलाय.

तहसीलदारसाहेब मुआयन्याला, म्हणजे जागा बघायला, स्वतः आले. घोड्यावरून उतरून त्यांनी खाणीला एक फेरा मारला. हैदराबादकडचे गृहस्थ होते, मराठी त्यांना समजत नव्हती, म्हणून मला दुभाष्या म्हणून उभं केलं. एका बाजूला गावची मंडळी, दुसऱ्या बाजूला वडारांची टोळी, मध्ये पाणी. पाटलांनी सांगितलं, की पाणी मुळात गावच्या बारवेचंच आहे, झऱ्याची वाट बदलली म्हणून इकडं निघालं, आणि गावच्या माणसांनी गाळ काढून ते वर आणलं. यातला गाळाचा भाग खोटा होता. मी तो जसाच्या तसा उर्दूत सांगितला. दुभाष्यानं खरं-खोटं बघायचं नसतं.

साहेबांनी ठेकेदाराला विचारलं, पाणी काढलं कुणी.

चाचा पुढं आले. आदल्या दिवशी पाटील त्यांच्या घरी जाऊन आले होते, हे मला माहीत होतं. गावाच्या बाजूनं बोललात तर ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरा ठेका मिळवून देऊ, असं काहीतरी बोलणं झालं होतं. चाचांच्या घरात पाच तोंडं खाणारी होती आणि भट्टी महिनाभर थंड होती. त्यांनी टोपी सारखी केली.

"साहब, पानी इसकी पहार को लग्या," मुकादमिणीकडं हात करून ते म्हणाले. "मैं उस वख्त भट्टी पर बैठको चाय पीता था."

साहेब हसले. पाटील हसले नाहीत. साहेबांनी मग मुकादमिणीला काय पाहिजे ते विचारायला सांगितलं. ती बेताच्या आवाजात बोलली. पाणी सगळ्यांनी न्यावं, आमचं काही म्हणणं नाही, पण आम्हाला दुसऱ्यानं वाढायची गरज नाही, आमच्या हातानं घेऊ. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. एक शब्दही वाढवला नाही.

हुकूम आठवड्यानं आला. खाण बंद. पाणी सर्वांना खुलं. मात्र तंटा नको म्हणून दोन घाट बांधावेत, पश्चिमेचा गावाला, पूर्वेचा खोदणाऱ्या लोकांना. खाणीचं तळं एकच होतं, त्यामुळं दोन्ही घाटांवरचं पाणी तेच. गावातल्या शहाण्या लोकांनाही हा निवाडा पसंत पडला, कारण आपण वेगळे आहोत एवढं त्यांना पायऱ्यांवरून कळत होतं. दोन्हीकडच्या पायऱ्या वडारांनीच बांधल्या, आणि त्याला चुना लागला तो चाचांच्या त्या खाणीवरच्या शेवटच्या भट्टीचा.

पूर्वेच्या पायऱ्या बांधून झाल्या आणि महिन्याभरात टोळी गेली. खाणच बंद, तर ती तिथं राहून करणार काय. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. साहेबांच्या नाही, माझ्याही नाही. पालं गाढवांवर लादून ती माणसं येडशीकडं निघाली. तिथं रेल्वेच्या रुळाखाली घालायला खडी फोडायचं काम निघालं होतं. मुकादम गाढवावर बसला होता. मी कचेरीत होतो, त्यामुळं त्यांना जाताना पाहिलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पलीकडचा माळ मोकळा दिसला, चुलींचे दगड तेवढे मागं राहिले होते.

खाण बंद झाली तसा चाचांचा ठेका गेला. वरच्या अंगाचा तर त्यांना मिळालाच नाही. बाजारात ते पानाचा चुना डबीतून विकू लागले.

दोन वर्षांनी मी रामलिंगला दर्शनाला गेलो होतो. परतताना येडशीच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. रुळाच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. त्यात ती दिसली. केस पार पांढरे झालेले, कपाळाला फडकं बांधलेलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्ही ओळखलंत का?"

तिनं आधी मागं वळून पाहिलं. मी 'तुम्ही' कुणाला म्हणतोय, हे तिला कळलं नसावं. मग ओळखलं. बसायला सांगण्यासारखी जागा नव्हती, म्हणून आम्ही उभ्यानंच बोललो. मुकादम गेल्या पावसाळ्यात वारला होता. टोळीतली निम्मी माणसं सोलापूरकडं गेली होती. मी तिला सांगितलं, की पाणी टिकून आहे, पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत गाव त्याच्यावरच जगलं. पूर्वेच्या घाटावर कोण येतं, असं तिनं विचारलं. कुणीच येत नव्हतं. उन्हाळ्यात पोरं पोहायला उतरतात, एवढं मी सांगितलं.

"पोरं उतरत्यात न्हवं," ती म्हणाली, "मग बरं हाय." आणि पुन्हा खाली बसून तिनं हातोडी घेतली. मिस्त्री कसे आहेत हे तिनं मी निघताना विचारलं. चाय पितात का अजून, म्हणाली, आणि हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांना माहीत आहेत. रझाकारांची वर्षं आली. पाटलांसह गावातली बरीच घरं बार्शीच्या बाजूला, निजामाच्या हद्दीबाहेर जाऊन राहिली. मग पोलीस ॲक्शन झालं, ती घरं परत आली, आणि आता भ्यायची पाळी दुसऱ्यांची होती. मुसलमान मोहल्ल्यातली काही कुटुंबं हैदराबादेला निघून गेली. काही जाऊ शकली नाहीत. मोहल्ल्याच्या टोकाची चार घरं जळाली. ती कुणी जाळली हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या आठवड्यात चाचा आणि त्यांच्या घरची माणसं माझ्या ओढ्याकाठच्या खोलीत येऊन राहिली. मी काही मोठं केलं असं नाही. ते दारात आले, मी बाजूला झालो. चार दिवस आम्ही सहा-सात माणसं त्या एका खोलीत होतो. पाचव्या दिवशी ते आपल्या घरी गेले. घर शाबूत होतं.

कचेरीत आता मराठी आली. माझ्या उर्दूचा उपयोग संपला. शाळेत मराठी कधी शिकलो नव्हतो, त्यामुळं आपलीच भाषा लिहायला मला अंदाजानं सुरुवात करावी लागली. पहिल्या वर्षी माझ्याकडं फारसं कुणी येत नसे. एक दिवस चाचा आले आणि समोर चटईवर बसले. त्यांना नव्या सरकारकडं अर्ज करायचा होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला पांढरा थर आहे, तिथं भट्टी लावायला परवानगी मिळावी. तोच ठेका, जो पाटील त्यांना तेव्हा देऊ करत होते.

मराठीत सरकारला काय म्हणायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. अर्जाची सुरुवातच अडली. जनाब म्हणायचं नाही, मग काय म्हणायचं? चाचा म्हणाले, महाराज म्हणा. मी म्हटलं, महाराज म्हणजे राजा, राजा तर गेला. मग आम्ही नुसतं 'साहेबांस विनंती' असं लिहिलं. पुढं मुआयना या शब्दाला मराठी काय हे सुचेना. साहेबांनी येऊन जागा बघावी, असं मी लिहिलं. चाचांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, हे तर बोलण्यासारखंच झालं, मुन्शीजी. चालेल का? मी म्हटलं, बघू.

परवानगी मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर चाचांची नजर गेली होती. थोरल्या मुलानं भट्टी रचली, चाचा कट्ट्यावर बसून धुराचा वास घेऊन आग किती ठेवायची ते सांगत राहिले. त्या भट्टीचा चुना गावच्या नव्या मराठी शाळेच्या भिंतींना गेला. त्याच सुमाराला सोलापूरहून सिमेंटची पोती येऊ लागली आणि चाचांच्या मागं त्यांच्या घरात कुणी भट्टी पेटवली नाही. थोरला मुलगा पुढं टांगा चालवू लागला.

मी त्याच शाळेत कारकून झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.